दाब, प्रवाह आणि विरोध : दुकानातील विजेचा हिशेब

दुकानाची फळी उघडल्यावर भवानी होण्यापूर्वीच आपला एक व्यवहार झालेला असतो. कळ दाबून आपण दिवे लावतो आणि त्या क्षणापासून मीटरवर आपल्या नावे आकडा चढू लागतो. आडत, हमाली, तोलाई, कसर, व्याज यांचा पैशापैशाचा हिशेब ठेवणारा आपला व्यापारी वर्ग या एका खात्याकडे मात्र महिनाअखेरीस बिल येईपर्यंत पाहत नाही. बिल आले की भरतो. जास्त आले की कुरकुरतो. वस्तुतः बिल हा या हिशेबाचा लहानसा भाग होय. मोठा भाग भिंतीत, माळ्यावर, कपाटांच्या मागे दडलेला असतो आणि तो चुकला म्हणजे मालाची, प्रसंगी जिवाची तूट येते. त्या हिशेबाची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे. त्यास गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित लागत नाही. ज्याला त्रैराशिक येते त्याला हे निश्चित येईल.

विजेच्या व्यवहारात मुख्य राशी तीन. पहिली दाब, ही व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या देशात घरी व दुकानी येणाऱ्या विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे. दुसरी प्रवाह, तारेतून दर सेकंदास किती वीज वाहते ते ही राशी सांगते, आणि तिचे माप अँपिअर. तिसरी विरोध, प्रवाहाला तार किंवा उपकरण किती अडवते याचे हे माप असून त्याचे नाव ओहम. गच्चीवरील टाकी, तिच्यातून खाली आलेला नळ आणि नळाची तोटी डोळ्यांपुढे आणावी. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर. नळ जितका अरुंद व लांब तितकी पाण्याला अडवणूक. हा दाखला फार ताणू नये, कारण नळ फुटला तर पाणी बाहेर सांडते, वीज मात्र परतीची वाट मिळाल्याखेरीज निघतच नाही. म्हणूनच प्रत्येक उपकरणाला दोन तारा लागतात, एक जाण्याची आणि एक येण्याची. ही गोष्ट पुढे हिशेबात उपयोगी पडणार आहे, ती ध्यानात ठेवावी.

या तिन्ही राशींमधील नाते असे : दाबास विरोधाने भागले की प्रवाह मिळतो. अर्थात दाबास प्रवाहाने भागले की विरोध मिळतो, आणि प्रवाह व विरोध यांचा गुणाकार केला की दाब मिळतो. दर, माल आणि रक्कम यांपैकी दोन गोष्टी ठाऊक असल्या की तिसरी जशी काढता येते तसेच हे आहे.

इतका सोपा नियम सिद्ध करण्यास मात्र पुष्कळ वर्षे लागली. इंग्लंडातील हेन्री कॅव्हेंडिश या श्रीमंत व अत्यंत अबोल शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच तो ओळखला होता. प्रवाह मोजण्याचे यंत्र त्या काळी नव्हते, म्हणून तो स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांची तुलना करून अंदाज बांधीत असे! परंतु त्याने ते सारे आपल्या कागदांतच ठेवले. मॅक्सवेलने १८७९ मध्ये ते कागद संपादून प्रसिद्ध केले तेव्हा जगाला कळले. माल गोदामात पडून राहिला आणि बाजार दुसऱ्याने केला, असा हा प्रकार. तो दुसरा म्हणजे जर्मनीतील गेओर्ग झिमोन ओहम. याचा जन्म १७८९ मध्ये एरलांगेन येथे झाला. बाप कुलपे तयार करणारा कारागीर, पण त्याने स्वतः अभ्यास करून मुलांना गणित शिकविले. ओहम कोलोन येथे शाळामास्तर होता. त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब स्थिर राहत नसे, त्यामुळे प्रयोगांची उत्तरे दरवेळी निराळी येत. तेव्हा त्याने दोन धातूंच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवून अगदी स्थिर असा दाब मिळविला आणि वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजला. १८२७ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मायदेशात त्याची उपेक्षाच झाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कॉप्ली पदक दिले, तेव्हा कोठे त्याचे नाव झाले. पुढे १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेने विरोधाच्या मापास त्याचे नाव कायमचे जोडले.

आता चौथी राशी, जिच्यासाठी आपण पैसे मोजतो : शक्ती. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती; ही वॉटमध्ये मोजतात. एक हजार वॉटची शक्ती एक तास वापरली की मीटरवर एक युनिट चढते. शक्ती हा वेग आहे आणि युनिट ही साचलेली रक्कम आहे; अनेक जण या दोहोंत घोटाळा करतात. शंभर वॉटचा दिवा दहा तास आणि हजार वॉटची इस्त्री एक तास यांचे बिल सारखेच येते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पाणी तापविण्याच्या सळईवर १५०० वॉट, २३० व्होल्ट असे छापलेले असते. प्रवाह किती? १५०० भागिले २३०, म्हणजे सुमारे ६.५ अँपिअर. विरोध किती? २३० भागिले ६.५२, म्हणजे सुमारे ३५.३ ओहम. एवढे काढल्याबरोबर एक व्यवहारोपयोगी गोष्ट कळते : ही सळई दिव्या-पंख्यासाठी असलेल्या ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर लावू नये, १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावावी. आमच्या पाहण्यातील दहांपैकी आठ दुकानांत ती लहान सॉकेटवरच असते.

पुढे पाहा. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब उतरतो. समजा तो १९० व्होल्ट झाला. सळईचा विरोध जवळजवळ तोच, ३५.३ ओहम. मग प्रवाह १९० भागिले ३५.३, म्हणजे ५.४ अँपिअर, आणि शक्ती १९० गुणिले ५.४, म्हणजे सुमारे १०२५ वॉट. दाब सतरा टक्क्यांनी उतरला, पण उष्णता बत्तीस टक्क्यांनी कमी झाली! कारण दाब उतरला की त्याच्याबरोबर प्रवाहही उतरतो आणि गुणाकारात दोन्हींचा तोटा लागतो. “दाब कमी म्हणजे बिल कमी, मग बरेच झाले,” असे एका मित्राने आम्हांस हसत हसत सांगितले होते. ते खरे नव्हे. तेवढेच पाणी तापण्यास आता दीडपट वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात भांड्यातून हवेत जाणारी उष्णताही आपल्याच खात्यावर पडेल.

मोटारीची गोष्ट तर उलटीच असते. पंपाची किंवा यंत्रमागाची मोटार ही सळईसारखी निमूट बसणारी वस्तू नव्हे. तिला ठरलेले काम ओढावयाचे असते. दाब उतरला की तेच काम निभावण्यासाठी ती प्रवाह अधिक घेते, आणि अधिक प्रवाहाने तिची वेटोळी तापतात. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील यंत्रमागवाल्यांना हे सांगावयास नको; मोटार जळण्याचे दिवस ते दाबावरूनच ओळखतात.

मोटारीच्या हिशेबात आणखी एक खोच आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. म्हणून एक अश्वशक्तीची मोटार २३० व्होल्टवर ७४६ भागिले २३०, म्हणजे सव्वातीन अँपिअर घेईल असे वाटते. प्रत्यक्षात ती पावणेसहाच्या आसपास घेते. याचे कारण असे की ७४६ वॉट हे मोटारीने आसाला दिलेले काम होय. कार्यक्षमता शेकडा ७५ धरली तर तिने घेतलेली शक्ती सुमारे ९९५ वॉट होते. शिवाय मोटारीतील प्रवाह आणि दाब एकाच वेळी कमाल होत नाहीत, त्यामुळे प्रवाहाचा काही भाग नुसत्याच येरझारा घालतो, काम करीत नाही. कामास लागणाऱ्या भागाच्या प्रमाणास पॉवर फॅक्टर म्हणतात. तो ०.७५ असेल तर ९९५ ला २३० ने आणि पुन्हा ०.७५ ने भागावे. उत्तर सुमारे ५.८ अँपिअर. हाच हिशेब ४०० व्होल्टच्या तीन फेजच्या मोटारीसाठी करताना भाजकात आणखी १.७३२ हा आकडा येतो आणि दर तारेतील प्रवाह दोन अँपिअरच्याही आत बसतो. मोठ्या मोटारी तीन फेजवर का चालवितात ते यावरून कळावे. येरझारा घालणाऱ्या प्रवाहाचे काम शून्य असले तरी तारा मात्र तो तापवितोच.

तारा तापतात हा खरा मुद्दा, आणि तो आम्ही पुस्तकातून शिकलो नाही.

सन १९८६ ची दिवाळी जवळ आली होती. आमचे कापडाचे दुकान पुढे आणि मागील बोळातून चाळीस मीटरवर गोदाम. गोदामात इस्त्रीचे एक टेबल मांडले होते, इस्त्री १००० वॉटची. गर्दीचे दिवस, म्हणून दिवाणजींनी चहासाठी १५०० वॉटची विजेची शेगडीही तेथेच आणविली. दोन्ही एकदम सुरू झाली की पाच अँपिअरची फ्यूज जाई. दिवसातून तीन वेळा ती बदलून पोऱ्या कंटाळला आणि आम्हीही कंटाळलो. शेवटी आम्हीच त्यास सांगितले, “जाड तार घाल रे, पुन्हा पुन्हा जाता कामा नये.” त्याने तांब्याच्या चार-पाच तारा एकत्र पिळून घातल्या. फ्यूज पुन्हा गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जळका वास आला. माळ्यावरच्या कपाटामागे, जेथे पूर्वी कधी तार वाढविताना हाताने पीळ घालून सांधा केला होता, तेथे लाकडी पट्टी पेटली होती. दिवाणजींनी प्रसंगावधान राखून आधी मुख्य कळ बंद केली, मग वाळू टाकली. अकरा तागे जळाले, पुष्कळ माल धुराने खराब झाला. माळ्यावर दुपारी झोपणारा पोऱ्या त्या दिवशी सुदैवाने बाहेर गेला होता.

त्या रात्री झोप आली नाही. नंतर एका शिक्षक मित्राने कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब आम्हांस करून दाखविला तोच येथे मांडतो.

इस्त्री आणि शेगडी मिळून २५०० वॉट. म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ११ अँपिअर. पाचच्या फ्यूजवर हे अकरा. ती जात होती हा तिचा दोष नव्हता. ती आपले काम करीत होती. दोन्ही उपकरणांचा मिळून विरोध सुमारे २१.२ ओहम. आता तार पाहा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा विरोध दर मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. गोदाम चाळीस मीटरवर, पण जाण्याची व येण्याची मिळून तार ऐंशी मीटर. म्हणून तारेचा विरोध १.४ ओहम. एकूण २२.६ ओहम, प्रवाह सुमारे १०.२ अँपिअर. या प्रवाहाने तारेवर १०.२ गुणिले १.४, म्हणजे सुमारे १४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. शक्तीच्या भाषेत १४.३ गुणिले १०.२, म्हणजे सुमारे १४५ वॉट. इस्त्रीला न मिळणारी, शेगडीला न मिळणारी, आणि तरीही आपल्या बिलात येणारी ही उष्णता भिंतीवरच्या तारेत मुरत होती. जुन्या दिवाणजींच्या भाषेत, ही वाटेतली घट.

ही घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाहास प्रवाहाने आणि पुन्हा विरोधाने गुणावे, हा नियम इंग्लंडमधील जेम्स जूल याने १८४१ मध्ये मांडला. तो बिअरच्या कारखानदाराचा मुलगा. आपल्या कारखान्यात वाफेच्या यंत्राऐवजी विजेची मोटार परवडेल काय, या शुद्ध धंदेवाईक प्रश्नातून तो या अभ्यासाकडे वळला. घटातील जस्ताचा खर्च कोळशाहून पुष्कळ अधिक, हे त्याला कळून चुकले. म्हणजे सौदा फसला, पण हिशेब अमर झाला. याच नियमामुळे दूरवर वीज नेताना दाब वाढवितात. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने नेली की प्रवाह निम्मा होतो आणि तारेतील घट चौथाई होते. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत, सुमारे १४७ किलोमीटर, वीज नेली ती तीस हजार व्होल्टच्या घरातील दाबाने नेली. २३० व्होल्टने ती वाटेतच संपली असती.

पण आमच्या माळ्यावर आग लागली ती पूर्ण तारेमुळे नव्हे. १४५ वॉट ऐंशी मीटरवर पसरलेले होते. तार कोमट झाली असेल, इतकेच. घात केला सांध्याने. हाताने पिळलेला सांधा वर्षानुवर्षे सैल होतो, त्यावर गंज चढतो, विरोध वाढत जातो. समजा तो अर्धा ओहम झाला. एकूण विरोध आता २३.१ ओहम, प्रवाह १० अँपिअर. दहा गुणिले दहा गुणिले अर्धा : पन्नास वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख लावण्याची सळई पंचवीस वॉटची असते. तशा दोन सळया बोटाच्या पेराएवढ्या जागेत, सुक्या लाकडाला टेकवून, तीन दिवस तापत ठेवल्या होत्या असे समजावे.

यातील सर्वांत भयंकर गोष्ट पुन्हा एकदा आकड्यांतच वाचावी. सांधा बिघडण्यापूर्वी प्रवाह १०.२ होता, बिघडल्यानंतर १० झाला. म्हणजे तो वाढला नाही, किंचित उतरला. फ्यूज असो वा आजची एम. सी. बी. असो, ती केवळ वाढलेला प्रवाह ओळखते. सांध्यातील आग तिला दिसतच नाही. पाच अँपिअरची फ्यूज तशीच राहू दिली असती तर एवढा प्रवाह त्या सांध्यापर्यंत पोचलाच नसता. पण पंधराची योग्य फ्यूज असती तरीही ती त्या दिवशी स्वस्थ बसली असती. म्हणून लांब तारेत मध्ये सांधा करू नये, करणे भागच पडले तर स्क्रूच्या जोडणीत, उघड्यावर व दिसेल असा करावा, आणि वर्षातून एकदा, भार चालू असताना तासाभराने, सॉकेट आणि प्लग यांच्या बाहेरच्या आवरणास उलटा हात लावून पाहावा. गरम लागले तर कळ बंद करून वायरमन बोलवावा. पिवळे पडलेले सॉकेट हे गरम सॉकेटच होय, त्यासाठी हातही लावावयास नको.

आम्ही नंतर गोदामास अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली. तिचा विरोध ऐंशी मीटरला ०.५६ ओहम. घट १४५ वरून सुमारे ६३ वॉटवर आली. वर्षाला बाराशे तास वापर धरला तर सुमारे शंभर युनिटे वाचतात. युनिटला आठ रुपये धरून पाहा : जाड तारेचा जादा खर्च काही वर्षांत वसूल होतो आणि पुढे नफाच.

शरीरासही हाच नियम लागू आहे, म्हणून दोन शब्द. ओल्या हातापायांच्या माणसाचा विरोध एक हजार ओहमच्या आसपास धरतात. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. सहा अँपिअरच्या एम. सी. बी.च्या दृष्टीने हा प्रवाह नगण्य. माणसाचे हृदय बंद पाडण्यास मात्र तो पुरेसा आहे. जाण्याच्या आणि येण्याच्या तारेतील प्रवाह समान आहेत की नाहीत हे सतत तपासणारे आर. सी. सी. बी. नावाचे साधन ०.०३ अँपिअरचा फरक पडताच वीज तोडते. पावसाळ्यात ज्यांच्या दुकानाची पायरी ओली राहते त्यांनी ते अवश्य बसवावे.

एक सावधगिरी विरोध मोजणाऱ्यांसाठी. मुलांना मल्टिमीटर मिळाला की ती प्रथम दिवा मोजतात. जुन्या १०० वॉटच्या तारेच्या दिव्याचा विरोध हिशेबाने ५२९ ओहम यावा, पण थंड दिव्यावर मीटर चाळीसच्या आसपास दाखवितो. मीटरही चुकत नाही आणि ओहमही नाही. धातूची तार तापली की तिचा विरोध वाढतो, आणि दिव्यातील तार पांढरीशुभ्र होईपर्यंत तापलेली असते. तसला दिवा बहुधा कळ दाबण्याच्या क्षणीच का जातो, त्याचे उत्तर यातच आहे. नव्या एल. ई. डी. दिव्यांना हा हिशेब जशाचा तसा लागू नाही. त्यांच्यावर छापलेले वॉटच प्रमाण मानावेत. आणि विरोध मोजावयाचा तर उपकरण प्लगमधून काढूनच, हे सांगावयास नकोच.

ज्यांच्याकडे कोणतेच साधन नाही त्यांनी आपल्या वीजमीटरकडे पाहावे. नव्या मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे. बाकी सर्व बंद करून एकच उपकरण लावावे आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजावे. अठ्ठेचाळीस वेळा लुकलुकला तर ४८ भागिले ३२००, म्हणजे मिनिटास ०.०१५ युनिट, तासास ०.९ युनिट; म्हणजेच उपकरण ९०० वॉटचे. २३० ने भागले की प्रवाह ३.९ अँपिअर. आमच्या नातवाने याच रीतीने दुकानातील जुन्या फ्रीजचा हिशेब एका रविवारी लावून दाखविला.

आमच्या मीटरच्या पेटीच्या दारावर आतून एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर कोणत्या तारेवर कोणते उपकरण, किती वॉट, किती अँपिअर, आणि त्या तारेची जाडी व फ्यूज, हे दिवाणजींच्या अक्षरात लिहिलेले आहे. १९८६ च्या त्या दिवाळीनंतर पाडव्याला तो प्रथम लावला. तेव्हापासून पाच वेळा बदलला. नवीन उपकरण आणले की आधी त्या कागदावर त्याची ओळ पडते, बेरीज होते, आणि मगच प्लग लागतो. गेल्या उन्हाळ्यात सूनबाईंनी वातानुकूलन यंत्राची ओळ घातली, बेरीज सोळाच्या वर गेली, आणि त्यांनी यंत्र खोक्यातच ठेवून आधी स्वतंत्र तार ओढविली.